काही घडतच नाही म्हणे

काल परत 'द झोन ऑफ इंटरेस्ट' हा सिनेमा पाहिला आणि परत तेच, सोबतचे निम्मे गप्प, निम्मे वैतागलेले. "अरे काही घडतच नाही यार, बाई नुसती बागेत फिरतेय" इति एक मित्र. आता तक्रार अगदीच खोटी नाहीये. सुरुवातीला बराच वेळ पडदा नुसता काळा, मग रुडॉल्फ हॉसचा संसार, पोरं, कुत्रा, फुलझाडं. हा माणूस ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीचा कमांडंट, म्हणजे प्रमुख, जिथे सुमारे 11 लाख माणसं मारली गेली, आणि याचं घर छावणीच्या भिंतीला लागून. आत चाललेला संहार कॅमेरा दाखवतच नाही, फक्त आवाज येत राहतात. 2024 चं साऊंडचं ऑस्कर उगाच नाही मिळालं.

मला तो फरकोटचा सीन अजून सोडत नाही. हॉसची बायको छावणीतून लुटून आणलेला कोट आरशासमोर घालून बघते, खिशात लिपस्टिक सापडते, तर तीही ओठांना लावून बघते. बस एवढंच.

नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचाच 'शिंडलर्स लिस्ट' बघून ढसाढसा रडलेले लोक इथे कोरडे राहतात आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा, रडायला सिनेमा जागाच देत नाही. रात्री कैद्यांसाठी सफरचंदं लपवणाऱ्या मुलीचे ते निगेटिव्हसारखे सीन तर पहिल्या वेळी माझ्याही डोक्यावरून गेले होते (खोटं कशाला बोलू).

सगळ्यात जास्त कंटाळलेल्या त्या मित्राचा रात्री दीडला मेसेज आला, "तो घरघर आवाज डोक्यातून जात नाहीये." तरी रेटिंग दोनच स्टार देणार म्हणतो.