द्रासच्या एमटी पार्कातली शक्तिमान

कारगिलची लढाई जुलै 1999 मध्ये संपली, पण वर गेलेल्या सगळ्या पलटणी काही खाली उतरल्या नाहीत. सप्टेंबरात लेहला 14 कोअर उभी राहिली आणि द्रासच्या खोऱ्यात एरवीपेक्षा कितीतरी जास्त फौज हिवाळ्याला थांबली. फौज थांबली म्हणजे तिच्या गाड्याही थांबल्या. बंकर आणि बुखाऱ्या (ऊब देणाऱ्या शेगड्या) माणसांनाच पुरत नव्हत्या, तिथे गाडीला छप्पर कुठलं? एकदा झोजिलाचा घाट बर्फाने बंद झाला की खाली न्यायचीही सोय नाही. रोज लागणाऱ्या थोड्या गाड्या चालू ठेवायच्या आणि बाकीच्या एमटी पार्कात, म्हणजे नदीकाठच्या एका उघड्या माळावर, एप्रिलपर्यंत उभ्या करायच्या, असा हुकूम निघाला.

मी ईएमईत, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, हवालदार, गाड्यांचा मेकॅनिक. गाव सातारा जिल्ह्यात. आमच्याकडे उभ्या गाडीला भीती पावसाची आणि गंजाची. थंडीने लोखंड फुटतं हे सिकंदराबादच्या ट्रेनिंगमध्ये फळ्यावर शिकलो होतो. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. द्रासची उंची जवळपास 10,800 फूट. उणे वीस-पंचवीस ही तिथली हिवाळ्यातली साधी रात्र. त्याखाली पारा गेला तरी कुणी त्याची चर्चा करत नाही.

ऑक्टोबरात आम्ही गाड्या ‘झोपवायला’ लागलो. त्या महिन्याबद्दल मी कितीही बोलू शकतो, कारण हिवाळ्यात गाडीचं जे काही व्हायचं ते खरं तर तेव्हाच ठरतं. डिझेलच्या टाक्या गळ्यापर्यंत भरायच्या. अर्ध्या टाकीतल्या रिकाम्या जागेत दव धरतं, ते पाणी तळाला जातं आणि वसंतात फिल्टरमध्ये बर्फ होऊन बसतं. साधं डिझेलही थंडीत मेणासारखे कण धरतं आणि वाहायचं थांबतं. उणे 33 अंशांतही वाहणारं डिझेल इंडियन ऑइलने लडाखसाठी काढलं ते 2019 साली. आमच्या वेळी डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. ओलसर ब्रेक-शू ड्रमला गोठून चिकटला की एप्रिलमध्ये मागची चाकं फिरतच नाहीत, नुसती फरफटतात. गिअर टाकायचा आणि चाकांना ठोकळे लावायचे. टायर थेट जमिनीवर नको, खाली फळ्या. ताडपत्री बांधायची, पण तिची कड जमिनीला टेकू द्यायची नाही. टेकली तर ती जमिनीचाच भाग होते आणि वसंतात ओढली की टरकन फाटते. ट्रकची कॅनोपी उतरवून ठेवायची, नाहीतर बर्फाच्या वजनाने वरच्या कमानी वाकतात. बॅटऱ्या काढून बंकरमध्ये, बुखारीपासून जरा लांब. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे साठपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठते. ॲसिडची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर 1.280 दिसलं तर निर्धास्त, 1.120 दिसलं तर ती बॅटरी बाहेर ठेवणं म्हणजे फेकून देणंच. हे ड्रायव्हर लोकांना पटवणं सर्वांत अवघड जायचं, कारण त्यांच्या हिशेबात उतरलेली बॅटरी निरुपद्रवी.

आणि रेडिएटरचं पाणी. ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं रसायन, आणि पाणी निम्मं-निम्मं घातलं तर ते उणे 35 च्या पुढेही गोठत नाही. पण ग्लायकॉल आलं ते रोज धावणाऱ्या गाड्यांपुरतं. झोपवायच्या गाड्यांचं पाणी पूर्ण काढायचं ठरलं. रीत अशी: इंजिन गरम करायचं, म्हणजे आतला गाळ ढवळून निघतो, रेडिएटरचं झाकण उघडायचं, मग खालचा कॉक, म्हणजे पाणी काढायची तोटी, आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूचा कॉक, दोन्ही सोडायचे. धार थांबली की कॉक उघडेच ठेवायचे, स्टिअरिंगला ‘पानी नहीं है’ अशी पाटी लटकवायची आणि गाडीच्या डायरीत नोंद करून ड्रायव्हरने सही करायची. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण ओतीव लोखंड ताणत नाही, तडकतं.

हिवाळा कसा गेला ते सांगत बसत नाही. बर्फ काढला, पुन्हा पडला, पुन्हा काढला.

एप्रिलमध्ये दिवसा ऊन लागायला लागलं आणि एके दिवशी सकाळी पार्क उघडायचं ठरलं. सुभेदार साहेब, मी, माझे दोन क्राफ्ट्समन आणि ज्याच्या त्याच्या गाडीचा ड्रायव्हर. सुरुवात गमतीची झाली. एका जोंगा जीपचा एअर क्लीनर उघडला तर आत उंदराने गोणपाटाचे धागे, कापूस आणि कुणाच्या तरी मोज्याची लोकर आणून ऐसपैस घर केलेलं. मोजा कुणाचा यावर बराच वेळ हसणं चाललं. दुसऱ्या एका गाडीचा हँडब्रेक कुणीतरी ओढलेला होताच. ड्रमवर ब्लो लॅम्प फिरवून आणि हातोडीने ठोकून सोडवला. बऱ्याचशा गाड्या कोमट पाणी घालून, सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या भांड्याखाली, रॉकेलच्या बोळ्यांचा डबा धरून, खोकत खोकत सुरू झाल्या.

मग शक्तिमान ट्रक. जबलपूरच्या कारखान्याची, जुनी, रांगेत कडेला. ताडपत्री काढायच्या आधीच मला पुढच्या चाकाशेजारच्या फळीवर तपकिरी डाग दिसला. तेलाचा डाग काळा असतो आणि हाताला लागतो. हा कोरडा होता, गंजाचा होता आणि बरोबर इंजिनाखाली होता. मी बॉनेट उघडून टॉर्च आत धरला. ब्लॉकच्या बाजूला, ड्रेन कॉकच्या वितभर वर, आडवी बारीक रेघ आणि तिच्यातून खाली उतरलेले गंजाचे ओघळ. नख फिरवलं तर अडकलं.

“तडा,” मी म्हणालो.

सुभेदार साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं, मग स्टिअरिंगवरची पाटी पाहिली, मग डायरी मागवली. ऑक्टोबरची नोंद होती, सही होती. ड्रायव्हर सांगोल्याकडचा, विशी नुकती ओलांडलेला पोरगा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेब म्हणाले, “डायरी कहती है पानी निकाला. ब्लॉक कहता है नहीं निकाला. दो में से एक झूठा है, और लोहा झूठ नहीं बोलता.”

साहेब वाईट माणूस नव्हते. पण गाडीचं इंजिन गेलं म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, आणि हलगर्जी सिद्ध झाली तर पगारातून वसुली, शिवाय खोटी सही केल्याचा ठपका. त्या पोराच्या पगारातून इंजिनाचे पैसे कापले असते तर घरी पाठवायला त्याच्याकडे काय उरलं असतं, हे साहेबांनाही कळत होतं आणि मलाही. पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “उस्ताद, आईशप्पथ, मी दोन्ही कॉक सोडले होते. धार थांबेस्तोवर उभा होतो.”

“ब्लॉकच्या कॉकातून किती आलं?”

“रेडिएटरचं भळाभळा आलं. ब्लॉकचं आलं थोडा वेळ, बारीक होत गेलं, मग थांबलं.”

“बारीक होत गेलं की एकदम थांबलं?”

त्याने जरा विचार केला. “थांबलं, उस्ताद. एकदम थांबलं.”

टाकी रिकामी होताना धार हळूहळू मऊ पडते, शेवटी थेंब थेंब होते. एकदम थांबते ती अडल्यावर. पण हे माझं तोंडी म्हणणं झालं. कोर्टासमोर एका हवालदाराचा अंदाज आणि एका शिपायाची आईशप्पथ यांचं वजन किती? म्हणून मी साहेबांना विनंती केली की कुणीही या गाडीला हात लावू नये. कॉक ऑक्टोबरपासून उघडा आहे तो तसाच राहू द्यावा, कुणी बंदही करू नये. ओसी साहेबांना, म्हणजे आमच्या तुकडीच्या प्रमुखांना, इथे बोलवावं आणि त्यांच्यासमोर मी रेडिएटरमध्ये पाणी ओततो.

क्राफ्ट्समन माझ्याकडे बघायला लागले. फुटलेल्या इंजिनात, तेही उघड्या कॉकाच्या, पाणी कशाला ओतायचं?

ओसी साहेब तासाभराने आले. तरुण कॅप्टन, ईएमईचेच, त्यामुळे जास्त समजावावं लागलं नाही. मी रेडिएटरचा खालचा कॉक बंद केला, ब्लॉकचा उघडाच ठेवला आणि त्यांना दांडीची स्थिती दाखवली. मग बुखारीवर कोमट केलेलं पाणी हळूहळू ओतायला सांगितलं. पहिल्या बादलीला काहीच झालं नाही. दुसरी अर्ध्यावर आली तेव्हा तड्यातून पाणी पाझरायला लागलं आणि ओघळ खाली, उघड्या कॉकावरून वाहत गेला. कॉकाच्या तोंडातून मात्र काही नाही. मी फडक्याने तोंड पुसलं, वरून येणारा ओघळ फडक्यानेच अडवला आणि म्हणालो, “साब, उंगली लगाके देखिए.” साहेबांनी बोट आत घातलं. कोरडं.

वितभर वरच्या तड्यातून पाणी गळतंय आणि त्याच्या खालचा सताड उघडा कॉक कोरडा आहे.

मग मी तार घेतली. कॉकाच्या तोंडात घालून फिरवली, दोनदा दाबली. आधी लाल भुगा आला, मग चुन्याच्या डबीत वाळून बसलेल्या चुन्यासारखा एक पांढरट-तांबूस खडा पडला आणि त्यामागून पाण्याची अशी धार सुटली की ओसी साहेबांचे बूट भिजले. पोरगा तोंड फिरवून उभा राहिला. रडत होता की हसत होता, मी पाहायला गेलो नाही.

कारण साधंच होतं. गाडी मैदानात राबलेली. तिच्या पोटात वर्षानुवर्षं ट्यूबवेलचं जड पाणी गेलेलं. क्षार ब्लॉकच्या तळाशी बसतात, त्यात गंज मिसळतो. इंजिन गरम करून गाळ ढवळला तेव्हा त्यातलाच एक तुकडा सैल होऊन कॉकाच्या तोंडाशी आला आणि अडकला. म्हणजे नियमाप्रमाणे ढवळलं नसतं तर कदाचित तो तिथवर आलाही नसता! वरचं पाणी पंपाच्या बाजूने रेडिएटरकडे उतरून गेलं असणार. तळाच्या खोलगट भागातलं राहिलं. शिवाय रांगेत शेवटची म्हणून ती उतारावर, नाक वर करून उभी होती. डायरी खरी होती आणि ब्लॉकही खराच होता.

खडा मी टाकू दिला नाही. कागदात बांधून, तारीख घालून साहेबांकडे दिला. तो इन्क्वायरीत पुरावा म्हणून लागला. जबाबात मला एकच प्रश्न अवघड गेला: कॉक अडू शकतो हे माहीत होतं तर तार घालून बघायचा हुकूम लेखी का नव्हता? मी सांगितलं की तार घालून बघण्याची रीत जुन्या मेकॅनिकांना तोंडी माहीत असते, पण ड्रायव्हरांना दिलेल्या छापील सूचनेत ती नव्हती. त्यात ‘पानी रुकने तक खोलें’ एवढंच होतं. अधिकाऱ्यांनी ते तसंच लिहून घेतलं. पोरावर ठपका आला नाही, वसुली झाली नाही. सूचनेत मात्र दोन ओळी वाढल्या: कॉकात तार घालावी, आणि निघालेलं पाणी बादलीने मोजून गाडीच्या मापाशी ताडून बघावं. दुसरी ओळ ओसी साहेबांची. मला ती पहिलीपेक्षा जास्त आवडली.

उरलेल्या गाड्यांचे कॉक आम्ही त्याच दिवशी अंधार पडेपर्यंत तपासले. आणखी एका ट्रकचा कॉक तसाच बुजलेला निघाला, पण तिच्या ड्रायव्हरने, मद्रासकडचा जुना माणूस, कुणी सांगितलं नसताना खालचा होजपाइपही काढून ठेवला होता. बहुतेक तेवढ्यावर ती वाचली. त्याला विचारलं, का काढला? म्हणाला, कॉकावर माझा कधीच विश्वास नसतो.

थंडीत गाडी कशी सांभाळायची, असं आता लोक विचारतात तेव्हा मला गंमत वाटते. भाचा कॅनडात आहे. तिकडे गाडी रात्रभर बाहेर उभी असते आणि इंजिनातल्या हीटरची वायर पार्किंगमधल्या खांबावरच्या सॉकेटला लावून ठेवतात. कूलंट बाराही महिने ग्लायकॉलचंच, त्यामुळे पाणी काढायचा प्रश्नच नाही. त्याला मी बॅटरीचं आणि उंदरांचं तेवढं सांगतो; ते दोन्ही तिकडेही सुटलेले नाहीत.

शक्तिमान आमच्या हातात दुरुस्त होण्यासारखी नव्हती. ओतीव लोखंडाचा तडा साध्या वेल्डिंगने धरत नाही, शेजारीच नवा जातो. तिच्यावर बीएलआर लिहिलं, म्हणजे इथे दुरुस्ती होणार नाही. झोजिला उघडल्यावर पहिल्या काही कॉन्व्हॉयमधून दुसरं इंजिन आलं आणि ते आम्ही तिथेच माळावर, तिपाईला चेन-पुली बांधून बसवलं. पोरगा सगळा वेळ हाताखाली होता, पाने द्यायला. नव्या इंजिनाचा कॉक त्याने बसवायच्या आधीच तार घालून पाहिला.

सुभेदार साहेबांनी सगळ्या जुन्या गाड्यांसाठी नवे ड्रेन कॉक मागवायचं इंडेंट त्याच आठवड्यात टाकलं. ते ऑगस्टच्या सुमारास आले, मोठं खोकंभर. उघडून पाहिलं तर आटे दुसऱ्याच मापाचे. परत पाठवले, आणि ऑक्टोबरात पुन्हा गाड्या झोपवायला लागलो तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशात वितभर तार होती.