वॉशिंग सेंटर ते बंपरवाले: आमची वाटचाल

सोलापुरात गाड्या धुवायचं दुकान टाकायचं हे डोकं माझंच, दुसऱ्या कुणाला नावं ठेवायला जागा नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणारं गाव आणि आम्ही दोघं भाऊ 2017 ला जुळे सोलापूरकडं पत्र्याचं शेड भाड्यानं घेऊन प्रेशर पंप, व्हॅक्यूम, फोमची टाकी सगळं हप्त्यावर घेऊन बसलो. पहिल्याच उन्हाळ्यात टँकरवाल्याचं बिल गल्ल्याच्या पुढं पळायला लागलं. बोअरचं पाणी इतकं जड की काळ्या गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके, मग ते काढत बसा परत.

बंपरचा विषय गिऱ्हाइकांनीच काढला. गाडी धुवून पुसून चकाचक करून द्यायची आणि मालक म्हणणार, "बंपर राहिलाय की धुवायचा." राहिला नव्हता, तो तसाच होता, राखेच्या रंगाचा. मारुती 800, ओम्नी, जुनी ऑल्टो, बोलेरो, यांचे बिनरंगाचे काळे बंपर आमच्याकडच्या उन्हात काही वर्षांत असेच होतात. बोट फिरवलं की पांढरी पावडर लागते बोटाला.

सुरुवातीला आम्ही पण सगळे करतात तेच केलं, पन्नास रुपये घ्यायचे आणि टायर पॉलिश फासायचं. काय काळाभोर दिसायचा, मालक खूश. जूनचा पहिला पाऊस पडला आणि एका पांढऱ्या ऑल्टोवाल्या काकांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, साइडच्या काळ्या पट्टीवरनं दोन्ही दारांवर खालपर्यंत काजळ वाहिल्यासारखे ओघळ. खाली एवढंच लिहिलेलं, "हे काय आहे?" फुकट धुवून दिली आणि ते काम त्या दिवशी बंद केलं.

मग व्हिडिओ बघून हीट गन आणली. गरम हवा मारली की पांढरेपणा डोळ्यासमोर जातो, जादूच वाटते. वरचा मेलेला थर वितळून बसतो म्हणून तसं दिसतं, पण उन्हापासून वाचवणारं काहीच वर येत नाही, काही महिन्यांत परत पांढरं. आणि गन एका जागी जरा थांबली की गेलं काम. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीच्या दिवसांत एका बोलेरोच्या बंपरवर माझा हात थांबला, फोन वाजला म्हणून, आणि तळहाताएवढ्या जागेवरचे बारीक दाणे वितळून गुळगुळीत चकचकीत डाग झाला. तो दाणेदारपणा परत येत नसतो. नवीन बंपर आमच्या पैशानं घालून दिला, गन अजून कपाटावर आहे, मुद्दाम ठेवलीय.

त्यानंतर मात्र नीट समजून घेतलं. बंपर काढून मागच्या बाजूला बघितलं तर अक्षरं असतात, बहुतेक वेळा पीपी प्लस ईपीडीएम, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर मिसळलेलं, म्हणून तर ठोकर लागली की दबतो, लगेच फुटत नाही. उन्हातल्या यूव्हीनं वरचा थर तुटतो, त्याची पावडर होते. तेल लावलं की काळं का दिसतं, तर शहाबादी फरशीवर पाणी टाका, कशी काळी होते, वाळली की परत राखाडी. तेच. खोबरेल, डिझेल, बूट पॉलिश, सगळ्याची गोष्ट तीच आणि वर धूळ चिकटते ती वेगळी.

म्हणून आता आमच्याकडं चार तासांच्या कामात तीन तास नुसती सफाई असते. डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं औषध, मारून मऊ ब्रशनं घासायचं, फेस तपकिरी येतो तोपर्यंत परत परत, मग मॅजिक स्पंज, मग पूर्ण वाळवून आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, पुसायचं आणि टॉवेल स्वच्छ आला तरच पुढं. पाणी दोन बादल्या, बास, आमच्या गावाला परवडणारं काम हेच. शेवटी सिरॅमिक ट्रिम कोटिंगचे, म्हणजे बिनरंगाच्या प्लॅस्टिकवर बसणाऱ्या संरक्षक थराचे, थोडेसेच थेंब ॲप्लिकेटरवर, आडवं-उभं फिरवून जास्तीचं पुसून घ्यायचं, पुढचे 24 तास पाणी नाही. बंपरला हात लावून चटका बसला तर कोटिंग नीट पसरायच्या आधीच सुकतं, पट्टे दिसतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही कोटिंग सकाळी दहाच्या आत उरकतो, दुपारी कोण कितीही घाईत आला तरी नाही.

किती टिकेल हे आम्ही आधीच सांगतो. सावलीत गाडी लावणाऱ्याला दोन वर्षं, दिवसभर उन्हात असेल तर वर्षभर धरा. हे ऐकून काहीजण समोरच्या पन्नासवाल्याकडं जातात, जाऊ दे. रंग मारून मागणारे पण येतात, त्यांना सांगतो की पीपीवर रंग धरत नाही, आधी प्लॅस्टिकचा प्रायमर लागतो, तो वाचवला की पापुद्रे निघतात.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऐन उन्हाळ्यात गाड्या जागच्या हलल्या नाहीत, त्यानंतर जी रांग लागली तिनं आमचे हप्ते फिटले. आता दोन पोरं कामाला आहेत, धुवायचं जवळपास बंदच. दसऱ्यानंतरचा आठवडा तेवढा डोक्याला ताप, दाणेदार बंपरवर हळदी-कुंकवाची बोटं. हळद उन्हात आपोआप उडते, कुंकू दाण्यांत जाऊन बसतं. घासू नका, आधी कोरड्या ब्रशनं झाडा, एवढं सांगतो.

मागच्या महिन्यात एक रिटायर मास्तर आले, 800 वाले, वर्षापूर्वी बंपर केलेले. खिशातनं पांढरा रुमाल काढला, बंपरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, उलटा करून बघितला. काही नाही. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. ते म्हणाले, "हे काळं केलंस त्यामुळं आरसे आणि वायपरखालची जाळी म्हातारी दिसायला लागली की रे, ते कोण करणार?"

त्या दिवसापासून रेट सांगताना सगळं धरूनच सांगतोय.