दुधाची ॲलर्जी, एक्झिमा आणि लॅबमधला घोळ: माझा अनुभव

आधी एकच सांगते, बाळाचं रक्त द्यायच्या आधी पावतीवर टेस्टचं पूर्ण नाव लिहून घ्या. बाकीचं पुढे सांगते, पण हे पहिलं, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

मुलगी दीड वर्षाची. गालांवर, कोपराच्या नि गुडघ्याच्या आतल्या घडीत लाल चट्टे, म्हणजे एक्झिमा, रात्रभर खाजवायची. दूध पाजलं की थोड्याच वेळात तोंडाभोवती गांधी उठायच्या, कधी उलटी. आता आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत माणसं उभ्याउभ्या ताजं दूध पितात, तिथं पोरीला दूध बाधतंय हे कुणाला पटायचं? सगळे म्हणायचे गाईचं बाधतंय तर म्हशीचं द्या, नाहीतर शेळीचं द्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या तिन्ही दुधातली प्रोटीन्स इतकी मिळतीजुळती असतात की बदलून बहुतेक वेळा काही उपयोग होत नाही. त्यांनी दूध बंद करायला सांगितलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, दुधाची स्पेसिफिक आयजीई, म्हणजे दुधाच्या ॲलर्जीची रक्तातली अँटीबॉडी मोजायची टेस्ट.

लॅबमधला माणूस म्हणाला, "ताई, एकाच पदार्थाची कशाला करताय, आमचं फूड पॅकेज घ्या की, त्यात दूध पण येतंय." मी म्हटलं डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच करा. हो हो म्हणाला आणि पावतीवर नुसतं 'फूड ॲलर्जी' लिहून पैसे घेतले. मग रिपोर्टची वाट. सॅम्पल बाहेर गेलंय, उद्या येईल, परवा येईल, फोन केला की "सिस्टीममध्ये दिसत नाही ओ." इकडे पोरगी खाजवून खाजवून गाल सोलून घेतेय आणि मी रोज फोन करतेय. शेवटी रिपोर्ट आला तो पानंच्या पानं. दूध लाल, तांदूळ लाल, गहू लाल, तूरडाळ, केळं, शेंगदाणा सगळं लाल. सासूबाई रिपोर्ट हातात धरून म्हणाल्या, "अगं मग पोरीला घालायचं तरी काय?" आणि खरंच त्या दिवशी तिच्या ताटात काय वाढावं हे मला कळेना.

डॉक्टरांनी पहिलं पान बघूनच कागद बाजूला ठेवला. ती आयजीईची टेस्टच नव्हती, आयजीजी या वेगळ्याच अँटीबॉडीची होती. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ पोटात जाऊन शरीराच्या ओळखीचा झालाय एवढंच, त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच असल्या टेस्टवरून निदान करू नका असं सांगितलंय, तरी त्या पॅकेजमध्ये घालून विकल्या जातात. या रिपोर्टवर विसंबून भात-पोळी बंद केली असती तर वाढत्या वयात पोरीचं वजन खाली आलं असतं. मी परत लॅबमध्ये गेले तर उत्तर काय, "ॲलर्जीचीच टेस्ट आहे की, आता पैसे परत मिळत नाहीत." चिठ्ठी समोर धरून दाखवली तरी मान वर केली नाही. पैशाचं एक वेळ सोडा, पण त्या एवढ्याशा हाताला परत सुई टोचावी लागली, शीर सापडत नव्हती, ती माझ्याकडे बघून रडत होती, याचा हिशोब कोण देणार?

दुसऱ्या लॅबमध्ये पावतीवर 'आयजीई, दूध' लिहून घेतलं. रिपोर्ट वेळेत आला, दुधाची वाढलेली होती. डॉक्टर म्हणाले की नुसत्या आकड्यावर नाही, त्या उठणाऱ्या गांधी आणि हा आकडा दोन्ही मिळून निदान होतं.

मग घरातून पोरीसाठी दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा सगळं बंद. तूपसुद्धा, कारण त्यात थोडं प्रोटीन राहतं. बिस्किट, टोस्टच्या पाकिटावर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन, केसिनेट यातलं काही दिसलं की परत ठेवायचं. पाकिटबंद पदार्थावर दूध असल्याचं वेगळं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, ती ओळख घटकांच्या यादीजवळच सापडते. मंदिरातला पेढा आणि शेजारच्या काकूंच्या हातचं काहीही, दोन्हींवर लक्ष ठेवा. पांढऱ्या रश्श्यात कुणी नारळाचं दूध घालतं, कुणी साधं, ते विचारूनच द्या.

कॅल्शियमची काळजी होती. या वयाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागतं आणि १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पण एवढी नाचणी दीड वर्षाचं पोर खात नाही, म्हणून डॉक्टरांनी सप्लिमेंटही दिलं. ताक न घालता आंबील, नाचणीची भाकरी वरणात कुस्करून, अंडं, मासे, भाज्या. नारळाचं दूध चवीला ठीक, पण दुधाच्या जागी ते पुरत नाही.

अरे हो, बाळाला साय आणि डाळीचं पीठ चोळायची आपल्याकडे पद्धत आहे ती एकदम बंद करा, तिला तर त्यानेच अंगभर उठलं होतं. कोमट पाण्याने अंघोळ, अंग हलकं टिपायचं आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर भरपूर. स्टिरॉइडचं मलम म्हटलं की घरचे घाबरतात, पण डॉक्टरांनी सांगितलं तितकंच आणि तितकेच दिवस लावलं तर चट्टे खरंच बसतात. नुसतं दूध सोडून एक्झिमा जात नाही, आणि प्रत्येक एक्झिमाच्या पोराला दुधाची ॲलर्जी नसते, त्यामुळे स्वतःच्या मनाने पदार्थ बंद करू नका.

आता रात्री झोपते. बरीच मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात म्हणे, पण परत दूध द्यायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आधी भाजलेल्या पदार्थातून, आणि ते कधी ते तेच सांगतील. तोपर्यंत गांधी उठून आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा पोर एकदम मलूल झालं तर वाट न बघता तडक मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.