कंसातलं नागपूर

शनिवार, रात्री उशिरा

डॉक्टरने आज आमच्या कोड्यांच्या गटात ताडोबाच्या सहलीचा तक्ता टाकला. रकान्यांना रंगबिंग देऊन. कोणाचा बर्थ कुठे, मोहर्ली गेट, जिप्सीचे पैसे कोणी भरले, ओळखपत्राची प्रत कोणी अजून दिली नाही (फोंडेकर, अर्थात). मी खुशीत वाचत होते, कारण माझं गाव पहिल्याच ओळीत होतं. 'नागपूर, १ रात्र (गाडी बदलण्यासाठी)'.

तेव्हापासून काही सुचत नाहीये.

फोन पालथा ठेवला, भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. मग पुन्हा उघडून पाहिलं, न जाणो कोणी बदललं असेल. कोण कशाला बदलेल? चुकीचं काहीच नाही त्यात. दुरांतो सकाळी पोचते, ताईची पुण्याहून येणारी गाडीही सकाळचीच, आणि मोहर्लीची सफारी दुसऱ्या दिवशी दुपारची. मधली रात्र कुठेतरी काढायला हवी. तिथे मी राहते, हा योगायोग.

असं लिहिलं की फारच रडकं वाटतं. वाटू दे. रोजनिशीत नाही रडायचं तर कुठे रडायचं.

रोज रात्री साडेदहाला कोडं पडतं आणि आम्ही भांडतो, हे किती वर्षं चाललंय. ताईच्या ऑपरेशनची तारीख ठरली ती तिच्या सुनेच्या आधी आम्हाला कळली. धाकटीचं ते प्रकरण... असो, ते इथे नको. पण समोरासमोर कोणी कोणाला पाहिलेलं नाही. आणि आता पहिल्यांदा भेटायची वेळ आली, तर ती वाघामुळे. मे महिन्यात जंगलातलं पाणी आटतं, उरलेल्या पाणवठ्यांवर जनावरं येतात, म्हणून ताडोबा बघावं तर भर उन्हाळ्यात. हे त्यांना सांगितलं कोणी? मीच. तेव्हा मला वाटलं होतं की वाघ हे निमित्त आहे.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय झालं? येऊन राहिले ना लोक?"

येऊन राहिले. पण कशासाठी?

तसं हे गावाचंच जुनं दुखणं आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही वाटा इथे एकमेकींना छेदून जातात. जातात. लग्नाकार्यात कोणी नवीन भेटलं की हमखास म्हणतं, "हो हो, नागपूर! आमची गाडी थांबली होती तिथे. संत्री घेतली." १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतो आम्ही. ते गेलं आणि नंतर वर्षातून एक अधिवेशन पदरात पडलं, तेही हिवाळी. मंडळी डिसेंबरात येतात, थंडीचं कौतुक करतात, सावजी खाऊन नाकं पुसतात आणि अधिवेशनाचं सूप वाजलं की विमान पकडतात. राजधानीपण गेलेल्या गावाला बारीकसारीक गोष्टही मनाला लागते, त्याला इलाज नाही. झिरो माइलचंच घ्या. खांब आहे, शेजारी चार घोडे आहेत. देशाचा मध्य म्हणून आम्ही तो पाहुण्यांना दाखवतो, आणि मूळची ती १९०७ सालची, मोजणीवाल्यांनी उंची मोजायला रोवलेली खूण. तिथेही लोक फोटो काढतात नि गाडीत बसतात.

पण गावाचं नाव पुढे करून मी स्वतःचं काहीतरी लपवतेय, हेही कळतंय मला. गावाला कंसात टाकलं म्हणून नाही झोप उडाली. मग कशाने? मी लिहिते तशी बोलत नाही. लिहिताना एकदम पुस्तकी, आणि घरी "काऊन बे, जेवून नाही राहिला का" असं पोराच्या अंगावर ओरडते. त्यांना माहीत असलेली बाई आणि दार उघडणारी बाई एकच आहे, हे त्यांना पटायला एक रात्र पुरेल का? आणि पटलं नाही तर... जाऊ दे. गटातल्या अक्का असत्या तर त्यांनी डॉक्टरला दोन शब्द सुनावले असते. अक्का नाहीत.

मग मीही तक्ता करायला घेतला. कागदावर, पोराच्या वहीचं पान फाडून. एक रात्र म्हणे. बघा तरी किती आहे इथे!

पहिली दीक्षाभूमी. धाकटीने सहल ठरली त्याच दिवशी लिहिलं होतं, "मला बाकी काही नको, दीक्षाभूमी बघायची आहे." १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंसह जिथे दीक्षा घेतली ती जागा. धर्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे मुंगीला वाट नसते. एरवी सकाळी गेलं की स्तूपाच्या त्या मोठ्या पोकळ घुमटाखाली आपलाच आवाज वरून फिरून येतो. धाकटी नागपूर बघायला येतेय असं म्हणता येईल. एकटी तीच.

मग अजब बंगला. १८६३ चं संग्रहालय. मध्यवर्ती संग्रहालय असं त्याचं खरं नाव घेतलं तर इथला रिक्षावाला बहुतेक पत्ता विचारेल. ताईला नाणी आणि शिलालेख आवडतात, तिला तिथून बाहेर काढावं लागेल. फोंडेकरासाठी मोतीबागेतलं नॅरोगेजचं म्युझियम, कारण तो रेल्वेवेडा. डॉक्टरला किल्ला. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात, लोकांना वर सोडतात ते मोजक्या दिवशी, त्यातला एक १ मे. आणि हे येणार ३ तारखेला! तक्ता करणाऱ्याने हे बघायला नको होतं का? बरं वाटलं हे लिहून. डॉक्टरला खालून दाखवीन. १८१७ साली भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली ती ह्याच टेकडीवर, एवढं खालूनही सांगता येतं. रामटेक आहेच, पन्नासेक किलोमीटर. संध्याकाळी फुटाळा तलाव. आमच्या महाल भागातल्या गल्ल्या. इतवारीत संत्रा बर्फी.

पान भरलं. आता यांना काय ते कळेल, असं म्हणून शेजारी वेळा घालायला बसले. आणि तिथे पंचाईत झाली.

सकाळी गाडी येणार, सामान ठेवून अंघोळी होईस्तोवर दहा वाजणार. मे महिन्यात दहानंतर कोण कुठे जातं इथे? मी जाते का? पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला, डांबर मऊ, तोंडाला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून चाललेल्या बायका, आणि त्या डोळ्यांनाही झळ लागते. भरदुपारी काही चौकांतले सिग्नलसुद्धा बंद ठेवतात, लोकांना उन्हात ताटकळायला नको म्हणून. अजब बंगल्यापुढे काट मारली. रामटेक? त्या पायऱ्यांवर? ताईला? काट. महालातल्या गल्ल्या दुपारी, काट. मोतीबाग, काट. काट मारता मारता जे उरलं ते असं: संध्याकाळी साडेसहानंतर फुटाळा, रात्री जेवण, जेवणानंतर गाडीतून खाली न उतरता किल्ल्याची टेकडी, झिरो माइल, विधानभवन. पहाटे उठून दीक्षाभूमीच्या परिसरात एक फेरी, आत घुमटाखाली जायचं तर दार उघडायची वेळ बघून. मग तर्री पोहे.

म्हणजे मे महिन्यातलं नागपूर साडेसहाला उघडतं आणि सकाळी आठला मिटतं. याला किती म्हणायचं? एक रात्र.

मी एकटीच हसले. ह्यांनी झोपेत विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, डॉक्टरचं गणित बरोबर आहे."

तरी तो कंस टोचतोच. 'गाडी बदलण्यासाठी' लिहायची गरज नव्हती. नुसतं 'नागपूर, १ रात्र' पुरलं असतं. किंवा 'हिच्याकडे'. डॉक्टर मनाने तसा नाही, पेशंटच्या कागदावर लिहावं तसं लिहितो तो, कारण आणि कालावधी. तरी.

राहिली दुपार. ती काढायची आमच्या हॉलमध्ये, कूलरसमोर. आता खरी चिंता ही. परवाच ह्यांनी त्याची खस बदलली; पहिले दोन दिवस सगळ्या घराला ओल्या गवताचा वास येतो, मला तो उन्हाळ्यातला सगळ्यात आवडता वास. पण तो कूलर म्हणजे लोखंडी धूड आहे. चालू झाला की समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि पंपावर मधून मधून हात मारल्याशिवाय पाणी चढत नाही. कुठे मारायचा ते फक्त आबांना माहीत आहे. आबा दुपारी बरोबर त्याच्यासमोर, जमिनीवर, बनियनवर झोपतात. त्यांना उठवायची कोणाची टाप नाही. म्हणजे माझे इतक्या वर्षांचे मित्र पहिल्यांदा घरी येणार, आणि आम्ही सगळे आबांच्या भोवतीने भिंतीला टेकून, पन्ह्याचे पेले धरून, एकमेकांना "काय? काय म्हणालीस?" असं विचारत बसणार.

त्यात माझं बोलणं पुस्तकी आहे की नाही, हे कोणाला ऐकू येणार आहे?

ही सोय मात्र बरी झाली.

शेवटी गटात लिहिलं. कंसाबद्दल काही नाही. फक्त एवढंच, की दुपारी बाहेर पडायचं नाही, प्रत्येकाने मोठा सुती दुपट्टा किंवा पंचा आणायचा, पुरुषांनीसुद्धा, आणि संध्याकाळपासूनची सूत्रं माझ्याकडे. रात्रीचे साडेबारा वाजले होते, तरी सगळे जागेच. डॉक्टरने लगेच २०२४ च्या मे महिन्यातली ती बातमी चिकटवली, इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवल्याची. त्याला म्हटलं, पुढचंही वाच, सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्यानेच नंतर सांगितलं. "मग खरं किती?" सत्तेचाळीस पूर्णांक नऊ, २०१३ साली. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

ताईने विचारलं, "कूलरचा आवाज फार होतो का गं? मला दुपारी डोळा लागत नाही आवाजात."

"होतो," मी लिहिलं.

"बरं. मग गप्पा मारू," ती म्हणाली.

धाकटीने स्तूपाच्या आत फोटो काढू देतात का ते विचारलं. उद्या चौकशी करून सांगते म्हटलं.

आणि फोंडेकर, ज्याचं ओळखपत्र अजूनही आलेलं नाही, तो म्हणतो, रात्री सावजीच हवं, आणि तेही कमी तिखट वगैरे करायला सांगू नका. आम्हां गोंयकारांना तिखटाचं कौतुक सांगू नये.

बरं. नाही सांगत.