माया नसलेलं कापड

घरी कुणी आलं आणि कपाटावरच्या, फेल्ट या न विणलेल्या जाड कापडातून मी शिवलेल्या उंदरांकडे लक्ष गेलं की पुढचं सगळं मला पाठ आहे. एखादा उंदीर उचलला जातो, उलटा केला जातो, त्याच्या कडेवरून बोट फिरतं आणि प्रश्न येतो, "तुमचे टाके इतके सारखे कसे हो येतात?" मग, "मशीनवर मारता का?" आणि शेवटी, "माझ्याच्याने नाही बाई व्हायचं."

आजवर मी "सवयीने येतं" म्हणून वेळ मारून नेली. पण या वेळी तुम्ही विचारलंत ते फेल्टचे चार रंग आणि सुई-दोरा घेऊन समोर बसल्यावर. तेव्हा खरं सांगायलाच हवं. टाके सारखे नसतात. तुम्ही गेल्यावर तोच करडा उंदीर घेऊन मी पट्टीने मोजले. पाठीवर टाके तीन-तीन मिलिमीटरवर आहेत, शेपटीपाशी चारावर, आणि हनुवटीखाली, जिथे मला बहुधा झोप येत होती, तिथे एक चक्क पाचावर. तुम्हाला ते दिसलं नाही, कारण उंदराची कड स्वच्छ कापलेली आहे. बघणारा टाके मोजत नाही, तो कड बघतो. कड नितळ असली की तिच्यावरचे टाके सारखेच वाटतात. कड कुरतडल्यासारखी असली तर पट्टी लावून घातलेले टाकेही झिंगल्यासारखे दिसतात. सुईच्या वाट्याला येणारं कौतुक निम्म्याहून जास्त कात्रीचं असतं.

मी शिवण शिकले आईकडे. ती कापड बेतायला बसली की खडूने दोन रेघा मारायची. एक शिलाईची, आणि दुसरी तिच्या बाहेर बोटभर अंतरावर. त्या दोन रेघांमधली पट्टी म्हणजे माया. "माया ठेव गं, चुका पोटात घालायला माया लागते," हे तिचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कात्री हातात घेतली की अजून कानात वाजतं. आणि ते खरंच होतं. कात्री घसरली, कड दातेरी झाली, एका बाजूला जास्त कापलं गेलं, तरी फ्रॉक उलटवला की सगळं आत. बाहेर फक्त सरळ शिलाई.

फेल्टला माया नसते. विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे असतात, कापले की ते सुटायला लागतात, म्हणून ती कड आत दडवावी लागते. फेल्टमध्ये धागाच नाही. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. ओल, ऊब, दाब आणि चोळणं एवढं मिळालं की केस एकमेकांत असे गुंततात की पुन्हा मोकळे होत नाहीत. ज्या लोकरी जाजमाला नमदा म्हणतात, तोही हाच प्रकार. त्यामुळे कुठेही कापा, कड जशीच्या तशी राहते. दुमडायची गरज नाही, उलटवायची गरज नाही. दोन तुकडे एकावर एक ठेवायचे आणि बाहेरूनच शिवायचे. नवशिक्याला हे वरदान वाटतं आणि आहेही. फक्त एक अट त्यात लपलेली आहे: तुमच्या कात्रीने जी रेघ काढली तीच शेवटची रेघ. चूक पोटात घालायला फेल्टला पोटच नाही.

हे मला पहिल्या हत्तीने शिकवलं. त्याचा मागचा एक पाय जरा लांब कापला गेला होता. मी तो छाटला, तर पुढचा लांब दिसायला लागला. तो छाटला, तर सोंड जमिनीला टेकायला लागली. दोन मांजरांचं भांडण सोडवताना माकडाने लोणी वाटलं, तसा न्याय चालला होता माझा. संध्याकाळपर्यंत हत्तीची मगर झाली. आता मी हत्तीला चार सुटे पाय देतच नाही. एक सलग आकार कापते आणि मधे छोटी कमान ठेवते.

हत्तीवरून आठवलं. फेल्टच्या घरगुती खेळण्यांमधला एक प्रसिद्ध प्राणी हत्तीच आहे, आणि तो खेळणं म्हणून शिवलेलाच नव्हता. जर्मनीतली मार्गारेटे श्टाइफ ही बाई लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीत असायची, उजवा हातही नीट चालत नसे. फेल्टचे कपडे शिवणं हा तिचा व्यवसाय. 1880 साली तिने मासिकात आलेल्या एका नमुन्यावरून फेल्टचा हत्ती केला, तो टाचण्या टोचायची उशी म्हणून. पोरांनी टाचण्या बाजूला ठेवल्या आणि हत्ती पळवला. त्यातून पुढे खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. पोरं आपण दिलेल्या वस्तूचं काय करतील हे आपल्या हातात नसतं, हे मला माझ्याही घरात दिसतं. मी बुकमार्क म्हणून दिलेला कोल्हा सध्या एका बाहुलीचं पांघरूण आहे.

आणि कड टिकते म्हणजे किती टिकते? रशियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक नावाच्या जागी बर्फात गोठलेली थडगी सापडली. त्यातल्या एकात, 1949 च्या उत्खननात, फेल्टचे राजहंस मिळाले. आत भरण घातलेले, फूटभर उंचीचे. दोन हजारांहून जास्त वर्षं झालीत त्यांना. ते आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. मी त्यांचा फोटो पाहिला तेव्हा पहिल्यांदा काय केलं असेल तर मान वाकडी करून टाके शोधले.

असो. तुमच्या हातातल्या कात्रीकडे येते.

तुम्ही त्या दिवशी दोन्ही तुकडे एकदम कापलेत, घडी घालून. वेळ वाचतो असं वाटतं, पण फेल्ट जाड असतं, वरचा थर कात्रीखाली पुढे सरकतो आणि खालचा मागे राहतो. दोन्ही कान वेगळे झाले ते म्हणून. एकेक तुकडा कापा. नमुना पेनने आखून घेऊ नका. फेल्टवर शाई पसरते आणि पुसता येत नाही. कागदाचा आकार फेल्टवर ठेवून त्यावरून पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि पट्टी, कागद, फेल्ट हे तिन्ही एकदम कापा. मग पट्टी अलगद सोला. कात्रीला चिकटा लागतो, तो लगेच पुसून टाकायचा.

आता कानाची गोलाई. इथे जरा थांबून बघा. आपण सवयीने फेल्ट स्थिर धरतो आणि कात्री वळवतो. उलट करायचं. कात्रीचा हात पोटाजवळ टेकवून ठेवायचा, तो हलवायचाच नाही. डाव्या हाताने फेल्ट हळूहळू पात्यांमध्ये भरवत फिरवायचं, कुंभाराचं चाक फिरतं तसं. पाती पूर्ण मिटू द्यायची नाहीत. पाऊण मिटली की उघडून पुढे सरकायचं. टोकापर्यंत मिटली की तिथे एक बारीक पायरी पडते, आणि कडेवर जे दातरे दिसतात ते या पायऱ्याच असतात. लांब वळणाला मोठी कात्री, बोटाएवढ्या कानाला छोटी टोकदार. आतल्या कोपऱ्याशी आलं की दोन्ही बाजूंनी कापत येऊन कोपऱ्यात भेटायचं, कात्री तिथे वळवायची नाही. हे एवढं जमलं की तुमचं निम्मं काम झालं आणि सुईला अजून हातही लागलेला नाही.

फेल्ट कुठलं घ्यावं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. शुद्ध लोकरीचं घट्ट असतं, ताणलं जात नाही, कड अशी उमटते की बघत राहावं. लोकर आणि रेयॉनची मिसळ असते ती थोडी मऊ, कामाला छान. पॉलिएस्टरचं किंवा अॅक्रिलिकचं स्वस्त आणि सगळीकडे मिळतं. सरावाला तेच घ्या, पण उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर आत भरलेला कापूस उद्या त्यातून डोकावणार. हाताने दोन्ही दिशांना ओढून पाहा, एका दिशेला जास्त ताणतं. उंची त्या दिशेला ठेवली तर भरताना प्राणी जिराफ होतो. आणि इस्त्री! पॉलिएस्टरच्या सशाची पाठ सरळ करायला मी कापसाच्या कपड्यांइतकी गरम इस्त्री टेकवली होती. ससा इस्त्रीबरोबर वर आला. लोकरीच्या फेल्टचा धोका वेगळा. ते गरम पाण्यात धुतलं की केस आणखी गुंततात, आणि प्राणी आटून कडक होतो. लोकरीला कसरही लागते. म्हणून माझे लोकरीचे उंदीर बंद डब्यात झोपतात, कपाटावर बसतात ते मिसळीच्या फेल्टचे.

टाक्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार काही नाही. भरतकामाचा सुती दोरा सहा पदरी असतो, त्यातले दोन पदर घ्यायचे. दोन्ही एकदम ओढले तर गुंता होतो. एकेक ओढून काढायचा आणि मग जोडायचा. लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून जास्त नाही. लांब दोरा हा आळशी माणसाचा आणि त्यालाच सगळ्यात जास्त गाठी सोडवाव्या लागतात. पहिली गाठ दोन थरांच्या मधे दडवायची. मग काजाचा टाका, पण विरळ, ज्याला ब्लँकेट स्टिच म्हणतात तो. अंतर राखायला मी डाव्या अंगठ्याच्या नखावर पेनने दोन रेघा मारते. एक टाका किती खोल, दुसरी टाका किती दूर. हात धुतले की जातात. दोरा पिळून वळायला लागला की सुई सोडून द्या आणि लोंबू द्या, गरगर फिरून पीळ आपोआप उतरतो. आणि घट्ट ओढू नका. फेल्ट दबलं की कडेला लाटा येतात, मग कात्रीने कमावलेलं सुईने घालवलं म्हणायचं.

भरण हा मात्र वेगळाच प्रकार आहे, आणि "दुकानातल्यासारखं गुबगुबीत का होत नाही" या तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर तिथे आहे. सपाट आकार फुगला की रुंदीत कमी होतो. मी दहा सेंटीमीटरचं वर्तुळ कापते ते भरून झाल्यावर नऊच्या आसपास येतं. कागदावर बरोबर दिसणारी बारीक मान, बारीक पाय भरल्यावर नाहीसेच होतात. म्हणून नमुना काढतानाच सगळं थोडं लठ्ठ काढायचं. कागदावरचा प्राणी जरा बेढब दिसला तर तो बरोबर आहे. पॉलिएस्टरचा तंतुमय कापूस बोटांनी पिंजून, चिमूटचिमूट भरायचा. मोठा गोळा कोंबला की बाहेरून मुतखडा झाल्यासारखा दिसतो. नाक, कान, शेपटी ही अरुंद ठिकाणं शिवत शिवतच भरायची, शेवटी तिथे काही पोचत नाही. मी विणायच्या सुईच्या बोथट टोकाने ढकलते.

डोळे सगळ्यात शेवटी, आणि शिवायच्या आधी टाचण्यांनी. काळ्या डोक्याच्या दोन टाचण्या टोचून उंदीर टेबलावर ठेवायचा आणि खोलीत एक चक्कर मारून यायचं. डोळे वर आणि जवळ असतील तर तो संशयी दिसतो. एक-दोन मिलिमीटर खाली आणले, दूर केले, की लगेच बाळ होतो. मोठं कपाळ आणि खाली सरकलेले डोळे बघून माणसाला माया का वाटते, यावर कोनराड लोरेन्त्स या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने 1943 साली लिहून ठेवलंय. मला ते टाचण्यांनी आधीच कळलं होतं, फक्त कारण माहीत नव्हतं. वस्तू लहान बाळासाठी असेल तर मणी, बटण काही नको. ते तोंडात जातं. काळ्या दोऱ्याने गाठीचा टाका घालून डोळे भरायचे. आणि टाचण्या मोजून घ्यायच्या. दोन टोचल्या तर दोन निघायला हव्यात.

परवा याल तेव्हा आपण फक्त कान कापू. वीस कान, शिवायचं काहीच नाही. फेल्ट माझ्याकडे आहे, चिकटपट्टी आहे, नमुने आहेत. कात्री तेवढी तुमची आणा. माझी मी कुणाला देत नाही.