आकडा जुळला, पण टिपा कुठे आहेत?

संशोधन ग्रंथालयात संदर्भसेवेचं काम करताना माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक अडचणी अर्ध्या तासात सुटतात. ही सुटायला रात्रीचे साडेआठ वाजले.

पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी सकाळी लॅपटॉप घेऊन आली. सहा वर्षांत जमवलेले २,३१६ संदर्भ ज्या प्रोग्राममध्ये होते, त्याची वर्गणी महिनाअखेरीला संपत होती. तिला झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामवर यायचं होतं. तो मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, २००६ पासून चालू आहे, त्यामुळे निवड बरोबरच होती. आदल्या रात्री तिने जुन्यातून आरआयएस फाइल, म्हणजे संदर्भ एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्यासाठीची फाइल, काढून नव्यात चढवलीही होती.

"सर, सगळे आलेत. आकडा बरोबर जुळतोय. पण त्यात माझं काहीच नाही."

मी उघडून पाहिलं. लेखकांची नावं, शीर्षकं, वर्षं, नियतकालिकं, सगळं जागच्या जागी होतं. पण चाळीस-बेचाळीस फोल्डर नव्हते, एकही पीडीएफ नव्हती, आणि त्या पीडीएफवर तिने रंगवलेल्या ओळी नि लिहिलेल्या टिपा नव्हत्या. म्हणजे कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीतून पुन्हा मिळालं असतं तेवढंच आलं होतं.

सगळ्यात आधी मी जुन्या प्रोग्रामच्या अख्ख्या फोल्डरची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. स्थलांतर पुरं होऊन महिनाभर वापरून होईपर्यंत जुनं काही पुसायचं नाही, या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही.

मग तिची आरआयएस फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. ही फाइल माणसाला वाचता येते, हे अनेक संशोधकांना माहीतच नसतं. प्रत्येक नोंद 'टीवाय'ने सुरू होते आणि 'ईआर'ने संपते. मधे 'एयू' म्हणजे लेखक, 'केडब्ल्यू' म्हणजे विषयशब्द, अशा दोन-दोन अक्षरांच्या खुणा. फोल्डरसाठी यात खूणच नाही, मग ते येणार कुठून? आणि 'एल१' या ओळीत पीडीएफचा पत्ता होता खरा, पण तिने दोन वर्षांपूर्वी बदललेल्या लॅपटॉपवरचा. नव्या प्रोग्रामने त्या पत्त्यावर जाऊन पाहिलं, तिथे काही सापडलं नाही, आणि तो पुढे गेला.

फोल्डरचा प्रश्न विषयशब्दांनी सुटला. जुन्या प्रोग्राममध्ये एकेक फोल्डर उघडायचा, त्यातल्या सगळ्या नोंदी निवडायच्या आणि विषयशब्दांत त्या फोल्डरचं नाव भरायचं. 'केडब्ल्यू' फाइलीतून सुखरूप जातं. पलीकडे तेच टॅग होतात. एकेका टॅगवर टिचकी मारून आलेल्या नोंदी उचलायच्या आणि नव्या संग्रहात टाकायच्या. दीड तास लागला, पण सगळे फोल्डर उभे राहिले. पीडीएफसाठी 'एल१'मधला जुना पत्ता एडिटरमध्येच शोधून एका फटक्यात बदलला. मग एक कोरी लायब्ररी घेऊन नव्याने इम्पोर्ट केलं. तिच्या रात्रीच्या नोंदींवर पुन्हा चढवलं असतं, तर सगळं दुप्पट झालं असतं.

फाइली आल्या. तिने घाईने एक उघडली. १९८७ सालचा स्कॅन केलेला लेख होता. पानं कोरी होती. तिचा चेहरा उतरला.

"इथे तिसऱ्या तक्त्याशेजारी माझी टीप होती. त्यातली बेरीज चुकली आहे, मी स्वतः करून पाहिली होती. म्हणून तो आकडा मी प्रबंधात घेतला नाही. कारण मी दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही."

तिचा जुना प्रोग्राम पिवळ्या रेघा आणि टिपा पीडीएफमध्ये न ठेवता स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवत होता. यात गैर काही नाही. झोटेरोचा पीडीएफ वाचकही तसंच करतो. पण फाइल हलवली की टिपा मागे राहतात, हे कोणीतरी सांगायला हवं. उपाय एकच होता: जुन्यात लेख उघडायचा, टिपांसकट पीडीएफ जतन करायची, आणि झोटेरोतल्या कोऱ्या फाइलीच्या जागी ती ठेवायची. एकेक करून. खुणा केलेले लेख १४० निघाले. जेवणानंतर आम्ही दोघं शेजारी बसलो. ती जतन करायची, मी बदलायचो. १९८७चा लेख तिने पहिला घेतला. तिसऱ्या तक्त्याशेजारी छोटा पिवळा चौकोन दिसला, तेव्हा तिने तो उघडून मोठ्याने वाचला.

मधेच लेखकांच्या नावांतली एक खोच निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या इंग्रजी नावाचा शेवटचा शब्द आडनाव ठरला होता आणि आधीचे दोन पहिलं नाव. असंच राहिलं असतं, तर संदर्भसूचीत संघटना कोणा व्यक्तीसारखी 'ओ'खाली गेली असती. झोटेरोत नाव एकाच रकान्यात ठेवायची सोय आहे. अशा ३१ नोंदी हाताने नीट केल्या. दुहेरी निघालेल्या नोंदींसाठी मी तिला बजावलं की एक पुसू नका, दोन्ही विलीन करा. विलीन केल्यावर दोन्हींच्या फाइली आणि टॅग टिकतात, शिवाय आधी वर्डमध्ये दिलेला संदर्भही तुटत नाही.

वर्डचा विषय मी मुद्दाम शेवटी काढला. तिची तीन प्रकरणं लिहून झाली होती आणि त्यांतला प्रत्येक संदर्भ जुन्या प्रोग्रामशी बांधलेला होता. ऑल्ट आणि एफ९ दाबून दाखवलं: कंसातल्या आडनावाच्या आणि वर्षाच्या जागी कोडची लांबलचक ओळ उलगडली. ती ओळ जुन्या डेटाबेसमधल्या नोंदीकडे बोट दाखवते. झोटेरोला तिचा अर्थ लागत नव्हता. दोन्ही प्रोग्राम एकाच प्रबंधात ठेवले तर सूच्याही दोन होतात. म्हणजे संदर्भ पुन्हा घालणं आलं.

"किती असतील?" तिने विचारलं.

मोजले. २८३.

मी तिला सांगितलं की आज एकही घालायचा नाही. थकलेल्या डोळ्यांनी त्याच लेखकाचा दुसऱ्याच वर्षाचा लेख निवडला जातो आणि ती चूक परीक्षकाच्या हातात गेल्यावरच कळते. मूळ प्रकरणांच्या प्रती वेगळ्या ठेवल्या, जुनी प्रकरणं छापून घेतली, आणि ठरलं की रोज एक तास, छापील पानावर खूण करत, तिने एकेक संदर्भ बदलायचा.

निघताना तिने झोटेरोचा सगळा डेटा फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवला. मग पुन्हा लॅपटॉप उघडून १९८७च्या लेखाची टीप पहिल्या प्रकरणात तळटीप म्हणून लिहिली, बेरजेसकट.

अकरा दिवसांनी ती छापील पानांचा गठ्ठा घेऊन आली. २८३ खुणा होत्या. दोन ठिकाणी लाल गोल होता. तिथे मुळातच वर्ष चुकलेलं होतं, जुन्या प्रोग्राममध्येसुद्धा.