अख्खा अल्बम कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"पहाडी तेवढा लाव ना. त्या अहिर भैरवात बारा मिनिटं कुठे बसायचं?" गाडीत, सहलीत, सासरी, सगळीकडे मला हे ऐकावं लागतं. भाचा विचारतो, मैत्रिणी विचारतात, की आवडतं तेवढं ऐकावं, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा हट्ट कशाला? इतकी वर्षं मी "सवय आहे" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. घरातली ती सवय मीच मोडली होती. म्हणून आज एकदाच नीट सांगते.

तो अल्बम म्हणजे 'कॉल ऑफ द व्हॅली', तुम्हाला माहीत आहेच. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, रागांतून सांगितलेला. पहाटे अहिर भैरव, त्याला लागून नट भैरव, मग पिलू. संध्याकाळी भूप, पुढे देस, आणि रात्री पहाडी. सरळ पहाडीच लावला तर काय बिघडतं? गोडच वाटतो तो, मान्य. पण तुम्ही दिवसभर त्या माणसाबरोबर चालून आला असाल, तर पहाडी सुरू होताना पाय दुखत असतात. टेकायला जागा मिळाल्यासारखा तो येतो. उठल्याउठल्या ऐकलेल्या पहाडीत ते टेकणं कुठून येणार?

पुढे सीडी निघाली, तिच्यात पहाडीच्या मागे आणखी रचना जोडल्या. वाजवलंय सुंदरच. तरी मी पहाडी संपला की बंद करते. रात्र झालेली असते. आणि हे वेड माझ्या एकटीचं नाही. 2021 मध्ये गायिका ॲडेलनं आग्रह धरल्यावर स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपनं अल्बम आपोआप उलटसुलट न वाजता क्रमानं वाजेल अशी सोय केली. क्रम लावताना कलाकारानं विचार केलेला असतो, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पण खरं कारण हे नाही. खरं कारण मिरजेच्या घरातलं आहे.

बाबा रविवारी सकाळी ही रेकॉर्ड लावायचे. कव्हरमधून काढताना दोन्ही तळव्यांत फक्त कडेनं धरायची, मखमलीच्या तुकड्यानं गोल पुसायची, मग सुई टेकवायची. पिलू संपला की सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरत राहायची, खर्र-टक, खर्र-टक. बाबा लगेच उठायचे नाहीत. आई चहाचा कप ठेवायची, ते दोन घोट घ्यायचे आणि मग रेकॉर्ड उलटायचे. "बाजू बदलतो हं," असं दर वेळी म्हणायचे, जणू आम्हाला ते दिसत नव्हतं. त्या मिनिटा-दीड मिनिटात घरात कोणी बोलत नसे. मला तेव्हा त्याचा राग यायचा. कॉलेजात असताना मी पहाडी, देस आणि इकडचं-तिकडचं मिळून एक कॅसेट भरून आणली होती, 'निवडक' असं नाव घालून. बाबांनी पूर्ण ऐकली. चांगली आहे म्हणाले. पुन्हा कधी लावली नाही.

2014 मध्ये घर रंगवायला काढलं तेव्हा मी त्यांना पटवलं. "बाबा, सगळं मोबाईलवर आहे. ही अडगळ कशाला?" जुन्या रेकॉर्डी घेणारा एक माणूस आला, प्लेअरसकट सगळं टेम्पोत घालून घेऊन गेला. बाबा गॅलरीत उभे होते. नको म्हणाले नाहीत. त्या दिवशीच्या मला मी आजही विचारते, त्यांनी हो तरी कधी म्हटलं होतं? ती म्हणते, घरात जागा नव्हती, सुई मिळत नव्हती, तुला आता बोलायला काय जातं. तिचंही चुकीचं नाही.

2019 च्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाचसहा शब्द तेवढे उरले होते, तेही अर्धेमुर्धे. एका दुपारी मी त्यांच्या उशाशी फोन ठेवून हाच अल्बम लावला. अहिर भैरवला त्यांनी डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. पिलू संपला आणि फोननं श्वासही न घेता भूप सुरू केला. बाबांनी डोळे उघडले. "बा... बाजू," म्हणाले. डावा हात उचलून पालथा तळवा उताणा केला. पुन्हा, "बाजू."

दादा आणि मी धावलो. पाठीला जखम होऊ नये म्हणून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर करायला डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आम्ही चादर धरून त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली. त्यांनी मान जोरात हलवली, पुन्हा तोच हात, पालथा, उताणा. आम्ही त्यांना उजवीकडे वळवलं. मग ते काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. फोनवर देस चालू होता. "त्रास होतोय त्यांना," म्हणून मी तो बंद केला. पहाडी लागलाच नाही.

ते गेल्यावर सातआठ महिन्यांनी, कणीक मळताना, मला तो हात आठवला. पालथा, उताणा. कणकेच्या हातानं मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले.

म्हणून मी अख्खा अल्बम ऐकते. यावर मलाच माझं पटत नाही असंही होतं. एका बाजूला वीसेक मिनिटं हे माप काही संगीतातून आलेलं नाही, ते तबकडीच्या खाचांचं माप आहे. त्याआधीच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या रेकॉर्डवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि आमच्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी तेवढ्यात पुरी व्हायची. तिच्यात कुणाला काही कमी पडलं? आईनं तर जन्मभर रेडिओवर सुटी गाणी ऐकली, पुढचं कोणतं लागेल याची वाट बघत, आणि तिचा आनंद बाबांच्या आनंदापेक्षा उणा होता असं म्हणायची माझी हिंमत नाही. मग मी जपतेय ते संगीत, की रेकॉर्ड उलटणारा तो हात? मला हे दोन वेगळे करता येत नाहीत.

मागच्या वर्षी मी तीच रेकॉर्ड पुन्हा घेतली, जुनी, कव्हरचा कोपरा फाटलेली. साधा प्लेअरही घेतला. पण प्रवासात फोनच असतो. फोनवर ऐकतानाही पिलू संपला की मी थांबवते. थोडा वेळ जाऊ देते. तेव्हा गाडीतले लोक विचारतात, नेट गेलं का?

दादाला मी हे सगळं एकदा सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाही गं, बाबांना कूसच बदलायची होती. पाठ लाल झाली होती त्यांची, मी स्वतः पाहिली होती."